भूगर्भातील तेलाचा पारखी : कॉन्राड श्लुम्बर्जे

अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले आणि तेलविहिरींची भाषा आपल्या बडोद्याच्या कानांवरून जाऊ लागली. परंतु वाचकहो, तेल लागणे निराळे आणि ते काढणे परवडणे निराळे. थर किती जाडीचा, त्याच्या छिद्रांत तेल किती व पाणी किती, ते विहिरीकडे वाहत येईल की नाही, हे कळल्यावाचून पैसा ओतणे म्हणजे शुद्ध जुगार. हा जुगार ज्याने पुष्कळसा हिशेबात आणला, त्या कॉन्राड श्लुम्बर्जेचे चरित्र मला फार मोलाचे वाटते.

कॉन्राडचा जन्म १८७८ सालचा, अल्सेस प्रांतातील गेब्विलर गावचा. घरी कापडाचा मोठा व्यवसाय. मुलाचा ओढा मात्र पदार्थविज्ञानाकडे. पॅरिसच्या खाणविद्यालयात तो प्राध्यापक झाला. जमिनीत वीज सोडून तिच्या प्रवाहावरून आतले खडक ओळखता येतील, ही त्याची कल्पना. १९१२ साली नॉर्मंडीतील कुटुंबाच्या वाडीवर त्याने तसा नकाशा काढूनही दाखवला. मग महायुद्ध आले आणि काम थांबले.

१९१९ साली वडील पॉल यांनी कॉन्राड आणि धाकटा मार्सेल या दोघांशी लेखी करार केला. संशोधनाला पैसा आपण देऊ. मात्र शास्त्राचे हित आधी, नफा मागून, ही त्यातली अट. माझे वडील दरबारी गवई होते. विद्येला निर्वेधपणे वेळ देणारा आश्रयदाता किती दुर्मिळ असतो, हे मी घरातच ऐकत आलो. म्हणून हा करार मला कोणत्याही यंत्राहून थोर वाटतो. पॉल १९२६ साली वारले. खरे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ते फळ दुसऱ्याच वर्षी आले. तोवर खोलातला थर तपासायचा तर पोकळ सुळ्याने खडकाचा नमुना कापून वर आणावा लागे. त्यात वेळ जाई, खर्च होई, आणि नमुना पुष्कळदा वाटेतच भुगा होई. ५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सेसमधील पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात, कॉन्राडचा जावई आंरी डॉल याने विद्युत्‌शलाका विहिरीत सोडली. दर मीटरला थांबून मोजणी केली, आणि ती कागदावर हाताने मांडली. खाऱ्या पाण्याने भरलेला खडक वीज सहज वाहू देतो. तेल तिला अडवते. आलेखाची रेघ जिथे उसळते, तिथे तेलाचा संशय घ्यावा.

पण संशयच! छिद्रहीन घट्ट दगडही वीज अडवतो. म्हणून १९३१ पासून विहिरीत आपोआप निर्माण होणाऱ्या विद्युत्‌दाबाचीही नोंद या मंडळींनी सुरू केली. तीवरून पाझरणारे थर ओळखू येऊ लागले. दोन रेघा शेजारी ठेवल्या म्हणजे एकीने दुसरीची चूक पकडावी, अशी ही जोडी.

१९३६ साली रशियाहून परतताना स्टॉकहोम येथे कॉन्राडचे निधन झाले. पुढे १९४२ साली अमेरिकेतील आर्ची याने विद्युत्‌रोध आणि छिद्रांतील पाण्याचे प्रमाण यांचे गणित बांधले, आणि थरात तेल किती हे आकड्यांत सांगता येऊ लागले. आजही विहीर खोदली की आधी असे आलेख काढतात, आणि मगच ती चालवायची की बुजवायची हे ठरते. अंधारात पैसा गाडण्यापासून माणसाला वाचवणारी ही विद्या, नफ्याची घाई न करणाऱ्या एका बापाच्या विश्वासावर उभी राहिली.