शिल्लक कोणाची? : नामदार गोखले यांचे स्मरण

आपल्या मंडळाची खजिनदार म्हणून मी नऊ वर्षे जमाखर्च वाचून दाखवला आहे. वार्षिक सभेत शेवटी शिलकेचा आकडा वाचायचा, सर्वांनी टाळ्या वाजवायच्या आणि मग चहा-चिवडा, असा आपला शिरस्ता. एका वर्षी शिल्लक नेहमीच्या दुपटीने निघाली. मी मोठ्या ऐटीत आकडा वाचला. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतील एक वयस्क भगिनी उठल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, की ही शिल्लक आली कोठून? मला उत्तर देता आले नाही. राग मात्र आला. घरी जाऊन वह्या काढल्या तेव्हा उलगडा झाला. त्या वर्षी आपण शिवणवर्गाची फी वाढवली होती. अकरा मुली वर्ग सोडून गेल्या, म्हणून दुपारचा वर्ग बंद केला आणि त्या शिक्षिकेचे मानधन वाचले. मी जिला मंडळाची शिल्लक म्हणत होते, ती त्या अकरा मुलींच्या पदरची होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र माझ्या वाचनात आले. शाळेत असताना गांधीजींचे गुरू, एवढीच त्यांची ओळख होती. चरित्र वाचताना दिसले, की मागच्या रांगेतील त्या भगिनींनी मला जे विचारले, तेच या गृहस्थांनी १९०२ साली साक्षात व्हाइसरॉयसमोर उभे राहून सरकारला विचारले होते. म्हणून या स्मरणिकेसाठी त्यांच्यावरच चार शब्द लिहीत आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाला कोल्हापुरास शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर कसे चालले असेल, ते आपल्यापैकी जिने तुटपुंज्या पगारात संसार केला तिलाच कळेल. कॉलेजच्या खर्चाची वेळ आली तेव्हा वहिनीने आपले दागिने पुढे केले, असे सांगतात. दोन पैशांची किंमत या मुलाने पुस्तकातून शिकली नाही; भावाच्या घरच्या ताटावर शिकली.

१८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि मग फर्ग्युसन कॉलेज येथे त्यांनी १९०२ पर्यंत शिकवले. बाहेर मोठ्या पगाराच्या वाटा मोकळ्या असता डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून तुटपुंज्या वेतनावर ते राहिले. गणितावर त्यांची हुकमत होती, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कितीतरी शाळांतून चालत असे. तरुण वयातच न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना हाताशी धरले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम त्यांच्यावर सोपवले. सरकारी अहवाल कसा वाचावा, आकड्यांच्या मागची माणसे कशी ओळखावी, अर्जातील एकेक शब्द कसा तोलावा, हे सारे त्या गुरुगृही झाले.

चरित्र लिहिताना गैरसोयीचे तेवढे गाळू नये, म्हणून दोन गोष्टी सांगते. गोखल्यांची पहिली पत्नी सावित्रीबाई असाध्य रोगाने आजारी होत्या. त्या हयात असतानाच, घरच्यांच्या आग्रहामुळे, गोखल्यांनी दुसरे लग्न केले. समाजसुधारणेचा पक्ष घेणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले. घरच्यांचा आग्रह होता हे खरे, पण सावित्रीबाईंना काय वाटले, ते कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.

दुसरी गोष्ट १८९७ सालची. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले होते. इकडे पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते. बायकांशी गैरवर्तन होत असल्याची पत्रे पुण्याहून त्यांना गेली. त्यांनी ती हकीकत तिकडच्या वर्तमानपत्राला दिली. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा म्हटले, आपलीच माणसे त्यांच्यावर तुटून पडली. त्या दिवसांत उंबऱ्याआड काय घडले असेल ते आपण बायका जाणू शकतो. साक्षीला उभे राहणे सोपे नव्हते. पण गोखल्यांच्या पुढच्या साऱ्या कामावर या प्रसंगाची छाया आहे, असे मला वाटते. त्यानंतर ते सरकारपुढे गेले ते बहुतेक सरकारचेच आकडे हाती घेऊन, की जे नाकारायची सोयच नाही.

१९०२ मध्ये फिरोजशहा मेहता यांच्या जागी ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. हे कायदेमंडळ आजच्यासारखे नव्हते. अध्यक्ष स्वतः व्हाइसरॉय, बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे. आधी सूचना देऊन प्रश्न विचारता येई, पण मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न काढता येत नसे. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. म्हणजे सासूबाईंना स्वयंपाकाबद्दल आपले मत जरूर सांगावे, पण पातेल्याला हात लावू नये, अशातला प्रकार!

त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात सात कोटी रुपयांची शिल्लक दिसत होती. हिंदुस्थानच्या तिजोरीत तोवर एवढी शिल्लक कधी पडली नव्हती. सगळीकडून अर्थमंत्र्यांचे अभिनंदन होत होते. २६ मार्च १९०२ रोजी गोखले उभे राहिले आणि या अभिनंदनात आपल्याला सामील होता येत नाही, असे त्यांनी पहिल्यानेच सांगितले. नुकतेच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ होऊन गेले होते, प्लेग चालूच होता, माणसे किड्यामुंगीसारखी मेली होती. अशा देशाच्या तिजोरीत पैसा साठतो कसा?

त्यांनी हिशेब उलगडला तो असा. सरकारला दरसाल विलायतेत पौंडांत मोठी रक्कम भरावी लागे. रुपयाचा भाव तेरा पेन्सांपर्यंत उतरला, तेव्हा एका पौंडाला जवळजवळ साडेअठरा रुपये पडू लागले. ती तूट भरायला कर वाढवले गेले. पुढे सरकारने टांकसाळीचे नियम बदलून रुपया सोळा पेन्सांवर आणला. आता पौंडाला पंधराच रुपये पुरत. खर्च कमी झाला, पण वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक आली ती येथून. महागाईत भाड्याने वाढवलेला दर स्वस्ताई आली तरी घरमालकाने उतरवू नये आणि आपली पेटी भरली म्हणून बढाई मारावी, तसेच हे झाले.

या करांत गोरगरिबांना सर्वांत जाचक होता तो मिठावरचा. १८८८ पासून मणाला अडीच रुपये कर होता. मणाचे चाळीस शेर, रुपयाचे सोळा आणे. म्हणजे शेरामागे एक आणा नुसता कर. श्रीमंताच्या घरी मीठ लागते तेवढेच मजुराच्या घरी लागते, किंबहुना भाकरीबरोबर दुसरे काही नसले म्हणजे थोडे जास्तच लागते. कर वाढल्यावर लोकांचा मिठाचा वापर घटला, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. हे आकडे जुळवताना सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांची त्यांना फार मदत झाली. रानडे मात्र ते भाषण ऐकायला नव्हते. ते १९०१ च्या जानेवारीत वारले होते.

मत देण्याचा अधिकार नसलेल्या माणसाच्या बोलण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १९०३ साली मिठाचा कर अडीचाचा दोन रुपये झाला. १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. शेराला आण्याऐवजी पाच पैसुद्धा कर उरला नाही. प्राप्तिकराची माफीही पाचशेवरून हजार रुपयांपर्यंत वाढली. हे सर्व एकट्या गोखल्यांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण दर मार्चमध्ये हा माणूस तोच प्रश्न नव्या आकड्यांनिशी घेऊन उभा राहणार, हे सरकारला ठाऊक झाले होते. लष्करावर एवढा खर्च का? शहरांच्या पाण्याला आणि गटारांना पैसा का नाही? शाळांना का नाही? शिल्लक पडलीच आहे तर ती लोकांच्या आरोग्यावर आणि शिक्षणावर का खर्च होत नाही? हे त्यांचे विचारणे वर्षानुवर्षे चालूच राहिले.

त्यांच्या मनातले सर्वांत मोठे काम प्राथमिक शिक्षणाचे. १९०९ च्या कायद्याने ठराव आणण्याची मुभा मिळाली, तेव्हा १९१० मध्ये त्यांनी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा ठराव आणला. १६ मार्च १९११ रोजी विधेयकच मांडले. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १९०६ पासून हे सर्व राज्यभर लागू केले होते. मग इंग्रज सरकारला का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. विधेयक अगदी जपून आखलेले होते. नगरपालिकांची व लोकल बोर्डांची इच्छा असेल तेथेच सक्ती, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना, आणि दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या आईबापांना फी नाही. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. पडणार हे त्यांना ठाऊक होते. विरोधात सरकारी अधिकारी होतेच, पण आपलेही काही मोठे लोक होते.

येथे मला एक रुखरुख वाटते. ती सक्ती आधी मुलग्यांना होती. मुलींची पाळी मागाहून. १९११ च्या शिरगणतीत हजार बायकांत लिहितावाचता येणाऱ्या दहाच निघाल्या होत्या. एवढे हिशेबी गृहस्थ, पण तिकडच्या विरोधाचा अंदाज घेऊन त्यांनी मुलींना रांगेत मागे उभे केले. मात्र त्याच काळात पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाचे काम उभे राहत होते आणि त्यांच्या पाठीशी गोपाळ कृष्ण देवधर होते. हे देवधर गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे. कायद्याने जे राहिले, ते बायकांनी आपल्या हाताने सुरू केले.

मधुमेहाने आणि श्रमाने गोखल्यांचे शरीर खिळखिळे झाले होते. १९१४ साली सरकारने देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद झाले ते टिळक सिंहगडावरून स्मशानात आले आणि त्यांच्याविषयी गौरवाने बोलले. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा मात्र २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात मुलगा आणि मुलगी एकाच रांगेत आहेत. गोखल्यांच्या विधेयकानंतर त्याला नव्याण्णव वर्षे लागली.

आता आपल्या वह्यांकडे येते. मागल्या रांगेतील त्या भगिनींकडे मी गेले आणि त्यांना सारा हिशेब दाखवला. कार्यकारिणीने फी पूर्ववत केली. अकरांपैकी सातच मुली परत आल्या. चौघींची तोवर लग्ने झाली होती किंवा त्या कामाला लागल्या होत्या. पुढच्या सभेत मी वाचलेली शिल्लक बरीच लहान होती, टाळ्याही बेताच्याच पडल्या.

सर्व भगिनींना माझी विनंती आहे, की यंदाच्या वार्षिक सभेला येताना जमाखर्चाचा कागद घरी वाचून या. आकडा मोठा दिसला तर तो कोणाकडून आला, आणि लहान दिसला तर तो कोणासाठी खर्च झाला, हे उभे राहून विचारा. खजिनदारबाईंना राग येईल. येऊ द्या. उत्तर शोधायला त्या घरी जाऊन वह्या काढतीलच.