कलामहर्षी बाबूराव पेंटर

पंचगंगेच्या तीरावर वसलेले कोल्हापूर हे कलावंतांचे माहेरघर म्हणून प्रसिद्ध आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत तेथे मल्लविद्या, संगीत, नाट्य आणि चित्रकला या सर्वांना उदार आश्रय लाभला. याच नगरीत ३ जून १८९० रोजी बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. त्यांचे घराणे कारागिरांचे. वडिलांच्या हाती लाकूडकाम, मूर्तिकाम आणि चित्रकाम अशी अनेक कौशल्ये होती. बाबूरावांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. परंतु घरातील रंगांच्या वाट्या, कुंचले, छिन्नी आणि हातोडी हीच त्यांची पाठ्यपुस्तके ठरली.

नात्याने बंधू असलेले आनंदराव मेस्त्री हे बाबूरावांचे जिवलग सोबती होते. दोघेही एकमेकांना पाहून शिकले. त्या काळी मराठी नाटकांना मोठा बहर आला होता. नाटकातील राजवाडे, अरण्ये आणि नदीतीर दाखविण्यासाठी रंगमंचावर मोठमोठे रंगविलेले पडदे सोडीत. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी या बंधूंनी असे पडदे रंगविले आणि ते पाहून प्रेक्षक थक्क झाले. लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि पुढे मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच नाव रूढ झाले.

सन १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. पडद्यावरची माणसे चालत होती, हसत होती, रडत होती. मात्र त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता. अशा चित्रपटांना आपण मूकपट म्हणतो. कथेचा धागा कळावा म्हणून मधूनमधून पडद्यावर चार शब्दांच्या पाट्या दाखवीत. या नव्या कलेने मेस्त्री बंधूंना वेड लावले. त्यांनी रंगविलेले पडदे कितीही सुंदर असले, तरी त्यांवरील नदी वाहत नव्हती आणि झाडांची पाने हलत नव्हती. येथे तर चित्रच सजीव झाले होते!

आपणही चित्रपट काढावा, असे दोघांनी मनाशी ठरविले. परंतु त्यासाठी कॅमेरा हवा. विलायती कॅमेऱ्याची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती. त्यातच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशातून यंत्रे मिळणे दुरापास्त झाले. तेव्हा कॅमेरा आपणच घडवावा, असा धाडसी विचार त्यांच्या मनात आला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र मिळविले आणि त्याच्या साहाय्याने या विद्येचा अभ्यास आरंभिला.

चित्रपटाचा कॅमेरा घडविणे हे किती अवघड काम आहे, हे त्याचे कार्य समजून घेतल्यावरच कळते. कॅमेऱ्यातील फीत सलग धावत नाही. भिंगासमोर येताच ती क्षणभर स्थिर उभी राहते आणि तिच्यावर एक चित्र उमटते. लगेच एक झडप प्रकाश अडविते, तेवढ्यात फीत नेमकी एका चित्राइतकी पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. मूकपटांच्या काळात एका सेकंदात सुमारे सोळा वेळा हे घडावे लागे. दंतचक्रात केसभर जरी चूक झाली, तरी पडद्यावरचे चित्र थरथरू लागे. असे नाजूक यंत्र दोन चित्रकार कोल्हापुरात बसून घडवू पाहत होते.

काम नेटाने चालू होते. इतक्यात १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूरावांवर जणू आकाशच कोसळले. बंधू गेला, स्वप्न अर्धे राहिले आणि जवळ पैसाही नव्हता. परंतु आनंदरावांनी हाती घेतलेले काम तसेच टाकून देणे बाबूरावांच्या मनाला पटेना. त्यांनी पुन्हा हत्यारे हाती घेतली. विष्णुपंत दामले हे त्यांचे गुणी शिष्य रात्रंदिवस मदतीस उभे राहिले. अनेक प्रयोग फसले. पण प्रत्येक अपयशातून काहीतरी उमगत गेले. अखेरीस १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध झाला. त्याच्या मुठीवर हात ठेवताना बाबूरावांना आपल्या दिवंगत बंधूची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल.

कॅमेरा झाला, तरी भांडवल हवेच होते. गायिका तानीबाई कागलकर यांनी या कलावंतावर विश्वास टाकून द्रव्यसाहाय्य केले आणि कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. कारण स्त्रियांनी चित्रपटात काम करणे त्या काळी समाजाला रुचत नसे. ‘सैरंध्री’ चित्रपटात मात्र स्त्रियांच्या भूमिका गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी केल्या. त्यासाठी त्यांना लोकनिंदा सोसावी लागली. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता, की पाहणाऱ्यांचा थरकाप उडे. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

शब्दांचे साहाय्य नसताना मनातील भाव प्रेक्षकांपर्यंत पोहोचवावयाचा, हे मूकपटाचे खरे आव्हान होते. बाबूराव चित्रकार असल्यामुळे त्यांना ते नेमके उमगले होते. चित्रीकरणापूर्वी ते प्रसंगांची आणि वेषभूषेची रेखाटने स्वतः काढीत. सपाट रंगीत पडद्यांऐवजी ते खरीखुरी वाटणारी घरे आणि महाल उभारीत. प्रकाश कोठून यावा आणि सावली कोठे पडावी, यावर त्यांचा कटाक्ष असे. १९२३ मधील ‘सिंहगड’ या ऐतिहासिक चित्रपटात रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला आणि शिवाजी महाराजांची भूमिकाही स्वतःच केली.

त्यांच्या कीर्तीचा कळस म्हणजे १९२५ मधील ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर तो आधारलेला होता. त्या काळी बहुतेक चित्रपट देवादिकांचे आणि राजेमहाराजांचे असत. बाबूरावांनी मात्र एका गरीब शेतकऱ्याला नायक केले. सावकाराच्या कर्जापायी त्याची जमीन जाते आणि पोटासाठी त्याला शहरात गिरणीमजूर व्हावे लागते. ही भूमिका व्ही. शांताराम या तरुणाने केली होती. त्यात अंधारात बुडालेली एक झोपडी आणि तिच्यापाशी भेसूर रडणारा कुत्रा असे एक दृश्य होते. कुत्र्याचा आवाज कोणालाही ऐकू आला नाही, तरी त्या घरावर आलेली अवकळा प्रेक्षकांच्या काळजाला भिडली. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या लोकांनी या चित्रपटाला फारशी गर्दी केली नाही. पण जाणकार त्याची आठवण पुढे कित्येक वर्षे काढीत राहिले.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे सहकारी कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. हाताखाली वाढलेले शिष्य दूर गेल्याने बाबूरावांची कंपनी खिळखिळी झाली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि पाहता पाहता मूकपटांचे युग मावळले. महाराष्ट्र फिल्म कंपनीही बंद पडली. बाबूरावांनी पुढे बोलपट काढले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा एकदा, या वेळी आवाजासह, पडद्यावर आणला. तथापि पूर्वीचे वैभव परत आले नाही. त्यांनी आपले मन चित्रकला आणि शिल्पकला यांत रमविले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

मूकपटांच्या फिती ज्या द्रव्यापासून बनवीत, ते लवकर पेट घेई आणि काळाच्या ओघात नासून जाई. त्यामुळे भारतात निर्माण झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी फारच थोडे आज उरले आहेत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आता कोणालाही पाहता येत नाही. तरीही बाबूरावांची कला नष्ट झाली नाही. दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ निर्माण केला, तेव्हा त्या चित्रपटाची कीर्ती व्हेनिसपर्यंत पोहोचली. शांतारामांचे नाव तर सर्व भारतात दुमदुमले. चित्र कसे बोलके करावे, याचे पहिले धडे या सर्वांनी कोल्हापुरातील त्या कारखान्यात, स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडविणाऱ्या गुरूपाशी गिरविले होते. फिती गेल्या, पण त्या घडविणाऱ्या हातांनी दिलेली विद्या शिष्यांच्या हातून पुढे चालत राहिली.