इतिहासाचार्य वि. का. राजवाडे : घराघरांतील दप्तरांचे यात्रिक

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी माणसाला केव्हा ना केव्हा एक प्रश्न हटकून विचारला जातो, तो म्हणजे आपण मूळचे कोठले? गावाचे नाव सांगता येते, कुलदैवत सांगता येते, श्राद्धाच्या निमित्ताने बाप, आजा व पणजा यांची नावे मुखोद्गत असतात. त्यापलीकडे बहुतेक घरांत काळोखच असतो. आपले पूर्वज कोणत्या साली गाव सोडून निघाले, कोणाबरोबर निघाले, मागे कोण राहिले, याची उत्तरे देणारी वडीलधारी माणसे एकेक करून निघून जातात आणि त्यांच्याबरोबर उत्तरेही जातात. या काळोखात शिरून घराघरांतले कागद उजेडात आणण्याचे व्रत ज्या पुरुषाने जवळजवळ तीस वर्षे चालविले, त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे चरित्र मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आठवावे, असे मला वाटते.

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. वडील लहानपणीच वारल्यामुळे त्यांचे बालपण तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी गेले. पुढील शिक्षण पुण्यास झाले. वेदविद्येत नाव मिळविलेले वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे त्यांचे बंधू. विश्वनाथरावांचे महाविद्यालयीन शिक्षण मात्र सरळ रेषेत झाले नाही. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातील न नेमलेल्या पुस्तकांकडे त्यांचा ओढा अधिक होता. १८९० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली व ती सोडली. १८९२ साली पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून जगातील थोर ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग त्यांनी आरंभिला आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे मराठी भाषांतर केले. इंग्रजीवर प्रभुत्व असूनही आपले सारे लेखन मराठीतच करावयाचे, हा निर्धार त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणून जो वाचला जाई, तो मुख्यतः ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेला. त्याला उत्तर द्यावयाचे तर अस्सल कागद हवेत, आणि कागदांचा सर्वांत मोठा साठा, म्हणजे पुण्याचे पेशवे दप्तर, सरकारच्या कुलपात होता. खासगी अभ्यासकांना तेथे मुक्तद्वार नव्हते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते १९३० नंतरच्या काळात. राजवाडे तोवर हयातही नव्हते. सरकारचे दार बंद आहे असे दिसताच राजवाड्यांनी प्रजेच्या दारांकडे मोर्चा वळविला. पेशवाईत आणि त्यापूर्वी ज्यांनी लेखणी किंवा तलवार चालविली, त्यांची घराणी अजून गावोगाव नांदत होती. त्यांच्या माळ्यांवर, देवघरांतील पेट्यांत व बळदांत कागदांची दप्तरे पडून होती. ती पाहिल्यावाचून इतिहास लिहिणे म्हणजे साक्षीदार न तपासता निवाडा देणे होय, अशी त्यांची धारणा झाली.

पण हे काम वाटते तितके सोपे नव्हते. इंग्रज सरकारने १८५२ साली इनाम कमिशन नेमून गावोगावच्या सनदांची झडती घेतली होती आणि पुराव्याअभावी पुष्कळांची इनामे खालसा झाली होती. तेव्हापासून परक्या माणसाने जुना कागद मागितला की घरधन्याच्या मनात प्रथम भीती उभी राही. हा सरकारचा माणूस तर नव्हे, भाऊबंदांनी तर पाठविला नाही ना, अशा शंका येत. कोणी कागद नाहीतच म्हणून सांगे. कोणाकडचे कागद वाण्याच्या पुड्यांसाठी विकले गेलेले असत, कोणाकडचे वाळवीने खाल्लेले असत. अशा घरी पुनःपुन्हा जावे लागे. साधे कपडे, हाताने केलेला स्वयंपाक आणि पायी प्रवास, अशा राहणीने राजवाडे गावोगाव हिंडले. त्यांचा स्वभाव तापट होता. तरीही एखाद्या जीर्ण रुमालाची गाठ सुटेपर्यंत लागणारा धीर त्यांच्या ठिकाणी होता.

वाई येथे त्यांच्या हाती पानिपतच्या मोहिमेसंबंधीची पत्रे लागली. यमुनेच्या काठी घडलेल्या घटनांची हकीकत कृष्णेच्या काठच्या एका घरात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ निपचित पडून राहिली होती, हे मोठे अर्थपूर्ण आहे. जेथे घटना घडली तेथेच तिचा कागद सापडेल, हा समज त्या एका शोधाने खोटा ठरविला. १७५० ते १७६१ या काळातील ही पत्रे त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध केली. जुन्या मोडी पत्रांवर पुष्कळदा चंद्र आणि मुसलमानी महिना असे, वर्ष मात्र नसे. तेव्हा आतल्या मजकुरातील धागे जुळवून प्रत्येक पत्राचे साल ठरविणे हे कामही संपादकालाच करावे लागे. या मालेचे २२ खंड त्यांच्या हातून निघाले. मागे राज्याश्रय नव्हता, पदरी पैसा नव्हता.

पुढच्या काही खंडांत त्यांनी शिवकालीन घराण्यांचे कागद छापले. कुलाचा इतिहास शोधणाऱ्याला या कागदांतून जो धडा मिळतो, तो ध्यानी घेण्याजोगा आहे. देशमुखी, देशपांडेपण किंवा पाटीलकी यांविषयी दोन घराण्यांत तंटा पडला की तो गोतसभेपुढे जाई. आसपासच्या गावांचे पाटील, शेजारच्या परगण्यांचे वतनदार, बलुतेदार, शेटे-महाजन एकत्र बसत. दोन्ही पक्षांच्या तकरीरा, म्हणजे आपापल्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत, लिहून घेतल्या जात. निवाडा होऊन महजर तयार होई आणि त्यावर हजर असलेले लोक आपापली निशाणी करीत. कुणब्याचा नांगर असे, वाण्याचा तराजू असे. हरलेल्या पक्षाला आपली हार मान्य केल्याचे येजितपत्र लिहून द्यावे लागे, आणि ते जिंकलेल्याच्या घरी जपून ठेवले जाई.

याचा अर्थ असा की, हरलेल्या घराण्याच्या पूर्वजांची हकीकत त्याच्या स्वतःच्या घरी नसून प्रतिपक्षाच्या पेटीत असावयाची. ज्या गावाच्या पाटलाने साक्षीला निशाणी केली, त्याच्या घराण्याचा त्या सालातील एकमेव पुरावा शेजारच्या मावळातील एखाद्या देशमुखाच्या वाड्यात असावयाचा. केवळ आपले घर व आपले गाव धुंडाळणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागणार नाही. राजवाडे एका घरापाशी थांबले नाहीत, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेले, म्हणूनच एका घरातील कागदाने दुसऱ्या घरातील कागदाची पारख करणे त्यांना साधले. आपले कूळ समजून घ्यावयाचे तर आधी आपले शेजारी समजून घ्यावे लागतात, हे त्यांच्या साऱ्या खटाटोपाचे सार म्हणता येईल.

कागद जेथे संपत, तेथे राजवाडे नावांकडे वळत. गावांची नावे, नद्यांची नावे, माणसांची आडनावे यांत वसाहतींचा इतिहास गोठून राहिला आहे, असे ते मानीत आणि त्यांच्या व्युत्पत्ती लावीत. १९२४ साली त्यांनी ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध केली. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हातांनी लिहिल्या गेलेल्या या बखरीत उत्तर कोकणात येऊन वसलेल्या कुळांची, त्यांच्या गोत्रांची व कुलदेवतांची नोंद आहे. पंडितांनी दुर्लक्षिलेल्या अशा याद्यांवरून राजवाड्यांनी त्या किनारपट्टीवर कोणते लोक कसे येत गेले, याची संगती प्रस्तावनेत लावली. त्याआधी १९२२ साली जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांनी उजेडात आणले आणि त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत शहाजीराजांच्या कर्तृत्वाची मांडणी केली.

हे काम एकट्याच्या आयुष्यात आटोपणारे नाही, हे ओळखून १९१० साली सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. पण संस्था चालविण्यास जी तडजोडीची वृत्ती लागते, ती त्यांच्यापाशी नव्हती. मतभेद झाले आणि आपणच लावलेल्या रोपट्यापासून ते दूर गेले. अखेरची वर्षे त्यांनी धुळ्यास काढली. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे देहावसान झाले. मागे ना घर होते, ना संतती. होती ती दप्तरे आणि टिपणे. त्यांचे जतन करण्यासाठी धुळ्याच्या मंडळींनी त्यांच्या नावाची संशोधनसंस्था उभारली.

राजवाड्यांचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्ती पुढील विद्वानांनी अमान्य केल्या. जातींविषयीची व समाजाच्या घडणीविषयीची त्यांची कित्येक मते आज स्वीकारता येत नाहीत. १९०९ साली त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ती मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही, आणि त्यामुळे तिच्या पाठाविषयीचा वाद निकालात निघू शकला नाही. अस्सल कागद जपून न ठेवल्यास केवढा पेच पडतो, हे खुद्द राजवाड्यांच्याच उदाहरणाने शिकावे. त्यांचे सिद्धान्त गळून पडले, पण त्यांनी छापलेले कागद उरले. आजही त्या काळाविषयी लिहिणाऱ्याला त्यांच्या खंडांवाचून पाऊल टाकता येत नाही.

आता आपल्याकडे पाहू. मराठी कुटुंबे देशभर पसरली, ती काही आजकाल नव्हे. पैठणचे भट्ट घराणे काशीस जाऊन राहिले व त्यात गागाभट्ट झाले. रत्नागिरीजवळच्या नेवरे गावचे खेर बुंदेलखंडात गेले आणि गोविंदपंत बुंदेले म्हणून इतिहासात अमर झाले. तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. राजे दगडावर लिहवू शकतात. त्यांच्यामागोमाग आलेले कारकून, शिलेदार, भिक्षुक, पुढे रेल्वे व तारखात्यात आलेले नोकरदार आणि माझ्यासारखे बदलीच्या हुकमाने येऊन येथेच रमलेले सरकारी सेवक, यांचे चरित्र कोठे लिहिलेले आहे? असलेच तर ते ट्रंकेच्या तळाशी आहे. मोडीतील एखादे खत, पंचांगाच्या कोऱ्या जागेत टिपलेली जन्मवेळ, लग्नाचा जमाखर्च, गावाकडील भावाने जमिनीविषयी पाठविलेले पोस्टकार्ड, हीच आपली दप्तरे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या, काशी-गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या आजोबांनी स्वहस्ताने केलेली नोंदही कदाचित आपली वाट पाहत असेल.

शेजाऱ्याच्या घरी आपला इतिहास असतो, हा राजवाड्यांच्या कागदांचा धडा येथेही लागू पडतो. या शहरात प्रथम आलेल्या मराठी गृहस्थाने पाठोपाठ आपल्या गावचे, शेजारगावचे चारजण आणले, त्यांना आपल्या बिऱ्हाडी उतरवून घेतले. एकाच्या पत्रात दुसऱ्याचा उल्लेख असणारच. तेव्हा प्रत्येकाने आपापली पेटी उघडून भागणार नाही, सर्वांच्या पेट्या एकत्र उघडल्या पाहिजेत. मंडळाची स्वतःची जुनी इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या, गणेशोत्सवाचे हिशेब हेही दप्तरच आहे, आणि पन्नास वर्षांत त्यातले किती शाबूत राहिले याची मोजदाद करावयास हीच वेळ योग्य आहे. राजवाड्यांना एकेक कागद हाताने उतरून घ्यावा लागे. आज खिशातील मोबाइलवर क्षणात त्याचे छायाचित्र निघते. मोडी वाचणारी माणसे मात्र विरळ होत चालली आहेत, आणि जुन्या गोष्टी सांगणारे ऐंशी-नव्वदीचे सभासद त्याहूनही विरळ.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमांत एक साधी गोष्ट अंतर्भूत व्हावी, अशी विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने आपले मूळ गाव, या शहरी आलेली पहिली व्यक्ती, तिच्या येण्याचे साल व कारण, आणि तिला येथे आधार देणाऱ्याचे नाव एवढे एका कागदावर लिहून, घरातील जुन्या कागदांच्या प्रतींसह मंडळाकडे द्यावे. नावडती हकीकत गाळू नये, ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहावी. अशी शे-दोनशे पाने एकत्र आली की या शहरातील मराठी समाजाचा पहिला साधनखंड तयार होईल. हीरकमहोत्सवापर्यंत थांबावयाचे ठरविले, तर त्यातली निम्मी पाने लिहावयास कोणी उरलेले नसेल.