शस्त्रक्रियेच्या आधीचा उपचार : सर ह्यू केर्न्स

धाराशिव जिल्ह्यात सकाळच्या वेळी कुठल्याही मोठ्या गावाबाहेर थांबले, की शाळेला निघालेल्या सायकली दिसतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर मुली शेजारच्या गावातली शाळा गाठतात. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ असो की नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, त्याच रस्त्यांवरून ट्रक, खासगी बसगाड्या आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धावत असतात. भरधाव गाडीने कट मारला, की सायकलस्वार साइडपट्टीवर फेकला जातो. हात-पाय मोडला तर बहुतेक वेळा जुळतो. डोके आपटले तर मात्र पुढचे सगळेच बदलते.

डोक्याच्या या दुखापतीचा विचार ऑपरेशन टेबलावर नव्हे, तर रस्त्यावरच सुरू झाला पाहिजे, हे मोजमाप करून दाखवणाऱ्या डॉक्टरांमध्ये सर ह्यू केर्न्स यांचे नाव अग्रभागी आहे. आज आपण डोक्यावर चढवतो, किंवा हँडलला अडकवून ठेवतो, त्या हेल्मेटच्या इतिहासात त्यांचा मोठा वाटा आहे.

केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या बंदराच्या गावी झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले, लाकूडकामाच्या व्यवसायातले. घरची परिस्थिती साधारण, पण मुलगा हुशार. शिष्यवृत्तीच्या बळावर तो अॅडलेड विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी पोहोचला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा शिक्षण अर्धवट ठेवून तो साधा सैनिक म्हणून लष्करी रुग्णालयात दाखल झाला आणि ग्रीसजवळच्या लेमनॉस बेटावर जखमींच्या सेवेत राहिला. परत येऊन १९१७ मध्ये पदवी घेतली आणि डॉक्टर म्हणून पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर गेला. त्याच वर्षी मिळालेल्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीमुळे युद्धानंतर त्याला ऑक्सफर्डची दारे उघडली. तिथे अभ्यासाबरोबर नौकानयनही चालू होते. १९२० च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत तो ऑक्सफर्डकडून उतरला होता.

पुढे लंडन हॉस्पिटलमध्ये काम करत असताना केर्न्स १९२६ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बोस्टनला गेले. तिथे हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली त्यांनी वर्षभर काम केले. मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे जवळजवळ मृत्यूचेच आमंत्रण, अशी स्थिती असताना कुशिंग यांनी हळुवार हाताने, एकेक रक्तवाहिनी जपत आणि प्रत्येक रुग्णाची बारकाईने नोंद ठेवत या शाखेला शिस्त लावली होती. केर्न्स ती शिस्त घेऊन लंडनला परतले. हाताचे कौशल्य तर त्यांनी उचललेच, पण पुढे जास्त उपयोगी पडली ती नोंदी ठेवण्याची सवय.

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात एक अपघात झाला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगभर नाव झालेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून घरी परतत होते. हेच लॉरेन्स १९२७-२८ मध्ये हवाई दलातले साधे कर्मचारी म्हणून कराची आणि मिरानशाहच्या तळांवर राहून गेले होते. घराजवळच्या रस्त्याला मध्येच खोलगट उतार होता. त्यात पुढे सायकलवर चाललेली दोन मुले त्यांना उशिरा दिसली. मुलांना चुकवताना लॉरेन्स यांचा तोल गेला, एका सायकलला धक्का लागला आणि ते पुढे फेकले गेले. डोक्यावर काहीही नव्हते. धक्का लागलेला मुलगा जखमी झाला, पण बरा झाला. लॉरेन्स सहा दिवस बेशुद्ध होते आणि १९ मे रोजी ४६ व्या वर्षी वारले. चौकशीत हा अपघाती मृत्यू ठरला.

बोव्हिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात लॉरेन्स यांना तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत केर्न्स होते. त्या वेळी देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांच्याइतका जाणकार क्वचितच सापडला असता. तरीही त्यांच्या हातात करण्यासारखे काही उरले नव्हते. मेंदूला झालेली इजा पहिल्या क्षणीच झालेली होती. कितीही निष्णात हात असले, तरी ते त्या क्षणानंतरच पोहोचणार होते.

१९३७ मध्ये केर्न्स ऑक्सफर्डचे पहिले नफिल्ड प्राध्यापक झाले. या पदाला ज्यांच्या देणगीमुळे नाव मिळाले, त्या लॉर्ड नफिल्ड यांची सुरुवात ऑक्सफर्डमध्ये सायकली दुरुस्त करण्यापासून झाली होती. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून आरंभ केला आणि पुढे कारखाने उभारले, तसेच काहीसे. नफिल्ड पुढे मॉरिस मोटारींचे कारखानदार झाले. मोटारींतून मिळालेल्या पैशाचा एक भाग असा रस्त्यावरच्या जखमींच्या कामी आला.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनमध्ये रात्री दिवे झाकले जाऊ लागले. अंधारात अपघात वाढले. लष्कराचे निरोप पोहोचवणारे शेकडो तरुण दिवसरात्र मोटारसायकली पळवत होते. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात केर्न्स यांच्या पुढाकाराने डोक्याच्या जखमींसाठी खास लष्करी रुग्णालय उघडले. तिथे गोळ्या लागलेल्या सैनिकांबरोबर रस्त्यावर पडलेले सैनिकही येऊ लागले. केर्न्स यांनी नोंदी तपासल्या. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले प्रवासी रस्त्यावर मेले होते. बहुतेकांच्या मृत्यूचे कारण डोक्याची दुखापत हेच होते. हेल्मेट घालून पडलेले मात्र त्यांना फक्त सात जण आढळले, आणि ते सातही जण वाचले होते.

सातची संख्या लहान होती, हे खरे. पण १९४१ मध्ये केर्न्स यांनी हे निरीक्षण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले आणि लष्कराला ते पटले. नोव्हेंबर १९४१ पासून कामावरील लष्करी मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. पुढच्या वर्षांत मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंचा आलेख खाली येत गेला. केर्न्स यांनी १९४६ मध्ये तो आलेखही मांडला. पेट्रोलच्या टंचाईमुळे वाहनेही कमी झाली होती, म्हणून या घटीचे सगळे श्रेय हेल्मेटला देता येत नाही. तरी हेल्मेट घालणारा आणि न घालणारा यांच्या कवटीतला फरक डॉक्टरांना रोज दिसत होता.

असे का घडते, हे शोधायला केर्न्स यांनी ए. एच. एस. होल्बोर्न या भौतिकशास्त्रज्ञाला सोबत घेतले. होल्बोर्न यांनी कवटीच्या साच्यात जिलेटिनचा मेंदू बसवून धक्क्यांचा अभ्यास केला. त्यातून कळले, की मेंदूला इजा होण्यासाठी कवटी फुटलीच पाहिजे असे नाही. डोके झटक्यात गरकन फिरले, तरी आतला मऊ मेंदू मागे रेंगाळतो आणि त्याचे तंतू ताणले जातात, तुटतात. बाहेर खरचटलेसुद्धा नाही आणि माणूस बेशुद्ध आहे, असे म्हणूनच घडते. हेल्मेटचे कवच धक्का पसरवते आणि आतला थर दबून डोके थांबायला काही क्षणांश जास्त देतो. त्या क्षणांशात कवटी वाचते. मात्र गरकन फिरण्याच्या झटक्यापासून हेल्मेट पूर्ण संरक्षण देऊ शकत नाही. त्यामुळे धडक किती वेगाने बसते, हा प्रश्न उरतोच. वाहनाचा वेग ३० वरून ६० किलोमीटर झाला, तर धडकेतली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. हा वेग सायकलस्वाराच्या हातात नसतो, चालकाच्या पायाखाली असतो.

युद्धकाळात केर्न्स यांनी फिरती शस्त्रक्रिया पथके उभी केली, म्हणजे जखमीला दूर नेण्याऐवजी सर्जनच आघाडीजवळ जाई. १९४३ मध्ये अॅडलेडचेच हॉवर्ड फ्लोरी यांच्यासह ते उत्तर आफ्रिकेत गेले आणि सैनिकांच्या जखमांवर पेनिसिलिन वापरून पाहिले. डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकी जनरल जॉर्ज पॅटन यांची मोटार जर्मनीत एका ट्रकवर आदळली, मान मोडली. तेव्हाही केर्न्स यांनाच बोलावले गेले. युद्धातून सुखरूप सुटलेला सेनापती रस्त्यावरच्या अपघातानंतर १२ दिवसांनी वारला. १९४६ मध्ये केर्न्स यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८ जुलै १९५२ रोजी कर्करोगाने त्यांचे ऑक्सफर्डमध्येच निधन झाले. वय अवघे ५६.

त्यांचे म्हणणे कायद्यात यायला मात्र वेळ लागला. त्यांच्या मायदेशातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले, तर १९९० मध्ये सायकलस्वारांनाही. ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांसाठी सक्ती आली ती १९७३ मध्ये, म्हणजे केर्न्स यांच्या लेखानंतर ३२ वर्षांनी. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ दुचाकीवरील चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लावायला सांगते. सायकलस्वारांवर अशी सक्ती नाही.

धाराशिवहून सोलापूर सुमारे ७० किलोमीटर आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अनेक जखमींना तिथे न्यावे लागते, आणि हे अंतर कापेपर्यंत कवटीतला रक्तस्राव थांबून राहत नाही. म्हणून पहिली काही मिनिटे महत्त्वाची. पडलेल्या माणसाला ओढून बसवू नये, मान वाकवू नये, बेशुद्धाला पाणी पाजू नये. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघातिघांनी मिळून कुशीवर वळवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आपटल्यावर उठून बसलेला, नीट बोलणारा मुलगाही काही तासांनी बिघडू शकतो. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती वाटते, पण कायद्याच्या कलम १३४-अ ने त्याला संरक्षण दिले आहे. धडक देणाऱ्या चालकावर मात्र जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी कलम १३४ ने टाकली आहे. पळून जाणे हा वेगळा गुन्हा आहे.

पालकांनी मुलाला सायकल देताना हेल्मेट, मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालणारे ब्रेक एवढे तरी द्यावे. ट्रॉलीमालकांनी ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टरची पट्टी लावावी. रस्त्याकडेला अंधारात उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली सायकलवाल्याला दिसतच नाही. आणि गाडी चालवणाऱ्याने सायकल ओलांडताना वेग कमी करावा, हातभर नव्हे तर माणूस आडवा पडेल एवढे अंतर सोडावे. समोरून वाहन येत असेल तर सायकलीमागे थांबावे. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर रात्रभर भाविक पायी चालतात, तेव्हा हे दुपटीने लागू आहे. केर्न्स यांना सहा दिवसांत लॉरेन्स यांच्यासाठी जे करता आले नाही, ते ब्रेकवरचा पाय वेळेवर करू शकतो.