पत्र्यातली अक्षरं

फर्स्ट इयरला माझी एक शीट केवळ लेटरिंग वाकडं म्हणून परत आली होती. रूममेटने प्लास्टिकची स्टेन्सिल पुढे केली आणि एका रात्रीत माझं अक्षर सुधारलं. (म्हणजे ते माझं राहिलंच नाही, पण सबमिशनच्या आदल्या रात्री एवढा विचार कोण करतो!) पुढे लायब्ररीत ल कॉर्बुझिएच्या ड्रॉइंग्जचं जाडजूड पुस्तक हाती लागलं. बघतो तर काय, एवढा मोठा आर्किटेक्ट आणि नकाशांवर खोक्यांवर मारतात तसली तुटक अक्षरं!

मग मी त्याच्या मागेच लागलो. मूळ नाव शार्ल-एदुआर जानरे. जन्म १८८७, स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात. वडील तबकड्यांवर मीनाकाम करायचे, मुलगा घड्याळाच्या केसवर कोरीवकाम शिकला. हा नक्षीवाला पोरगा १९१७ मध्ये पॅरिसला स्थायिक झाला, १९२० मध्ये त्याने नवं नाव घेतलं आणि नक्षीलाच नावं ठेवू लागला. आता त्याला कारखाने, जहाजं, मोटारी सुंदर वाटू लागल्या.

स्टेन्सिल त्याच जगातली. पत्र्यातून 'ओ' कापला तर मधला तुकडा खाली पडतो. तो पडू नये म्हणून बारीक पट्ट्या ठेवतात, त्याच रंग मारल्यावर फटी होऊन दिसतात. पेटीच्या अरुंद फळीवर जास्त मजकूर बसवायचा तर अक्षरंही अंगाने बारीक करायची. शोभेसाठी काहीच नाही, सगळी गरज. असले पत्र्याचे साचे फ्रान्समध्ये दुकानात तयार मिळत, आणि ल कॉर्बुझिएच्या स्टुडिओत नकाशांची नावं त्यांनीच घातली जात.

रू द सेव्ह्रवर जुन्या मठाच्या लांबलचक व्हरांड्यात हा स्टुडिओ होता. देशोदेशीची पोरं तिथे राबायची. आपल्या पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशीही १९५१ पासून तिथे होते. हात अनेक, पण शीटवर अक्षर एकच. कोणी काय काढलं हे स्टुडिओच्या वहीत नोंदलेलं असे. पण जगाने शीट बघितली, वही नाही.

मला इथेच खटकलं. स्टीलच्या नळ्यांच्या प्रसिद्ध खुर्च्यांमागे शार्लोत पेरियाँ होती, चुलतभाऊ पिएर जानरे होता. तरी वर्षानुवर्षं नाव एकट्या ल कॉर्बुझिएचं. चंदीगडचंही तेच. साहेब वर्षातून साधारण दोनदा यायचे. पिएर मात्र १९५१ ते १९६५ तिथेच राहिला, बांधकामांवर देखरेख केली, घरं आणि फर्निचरही केलं. ल कॉर्बुझिएची प्रतिभा मोठीच, त्यात वाद नाही. पण आपण ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाचं नाव मोठं आलं तरी आठवडाभर बोलत नाही!

१९६५ मध्ये भूमध्य समुद्रात पोहताना ल कॉर्बुझिए गेला. पिएर १९६७ मध्ये गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे रक्षा सुखना तलावात सोडली. सेक्टर ५ मधल्या त्याच्या घराचं आता म्युझियम झालंय. इंडस्ट्रियल व्हिजिट कधी चंदीगडकडे निघाली, तर कॅपिटलसमोर फोटो काढून झाल्यावर तिकडेही चक्कर मारा.