कै. वसंतराव नाईक : पुसदचे वकील

पुसद तालुक्यातील गहुली ह्या बंजारा वस्तीत दि. १ जुलै १९१३ रोजी जन्मलेल्या कै. वसंतराव नाईकांचे स्मरण आपण बहुधा मुख्यमंत्री म्हणून करतो. आम्हांस मात्र त्यांच्या वकिलीचा अल्प काळ अधिक मोलाचा वाटतो.

गावोगाव हिंडून प्राथमिक शिक्षण पुरे केलेला हा मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९३८ साली बी. ए. व १९४० साली एलएल. बी. झाला. सनद म्हणजे पैसा व प्रतिष्ठा, ह्याच हिशेबाने वडीलमंडळी त्या काळी मुलास कायद्यास घालीत, आजही घालतात! वसंतरावांनी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांचे हाताखाली उमेदवारी केली आणि पुढे पुसदला वकिली मांडली. निरक्षराचा अंगठा हीच सावकाराची दौलत, अशा त्या मुलखात त्यांनी बंजारे, आदिवासी व गोरगरीब शेतकरी ह्यांचे दावे चालविले. असल्या पक्षकारांकडून फी ती किती मिळणार? कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा.

१९४१ साली त्यांनी वत्सलाबाई घाटे ह्यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. ज्ञातीच्या अंकात हे नमूद करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

१९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार. महसूलमंत्री असताना, १९६१ साली, शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्रिपद सांभाळून दि. १८ ऑगस्ट १९७९ रोजी ते सिंगापूर येथे निवर्तले.