जिइचिरो मात्सुमोतो आणि जपानची कागदी समता

जपानच्या प्रगतीची कथा आपल्याला नेहमी एकाच पद्धतीने सांगितली जाते. १८६८ साली तोकुगावा घराण्याची सरंजामी सत्ता कोसळली, मेईजी सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले, रेल्वे, शाळा, कारखाने उभे राहिले आणि जपान आधुनिक झाला. या कथेत एक समाज कधी येत नाही. मेलेली जनावरे ओढणारा, कातडी कमावणारा आणि म्हणून 'एता' म्हणजे महाविटाळलेला ठरवला गेलेला समाज. बौद्ध म्हणवणाऱ्या देशात काही मंदिरांनी या समाजाच्या मृतांनासुद्धा हीनतेची धर्मनामे दिली. जिइचिरो मात्सुमोतो या समाजाचे थोर नेते.

१८७१ साली सरकारने हुकूम काढून 'एता' व 'हिनिन' ही नावे रद्द केली. कायद्याने सारे समान झाले. परंतु जमीन मिळाली नाही, भांडवल मिळाले नाही. उलट चामड्याच्या धंद्यावरचा परंपरागत हक्क मात्र गेला. या हुकुमाने चिडलेल्या जमावांनी १८७३ साली फुकुओका भागात अनेक वस्त्या जाळल्या. त्याच काळात जुन्या सरंजामदारांना सरकारने उमरावांचा दर्जा दिला आणि १८८४ साली त्यांच्या पाच श्रेणी ठरवल्या. तळच्यांना कोरा कागद आणि वरच्यांना वंशपरंपरागत मान, अशी ती आधुनिकता होती.

मात्सुमोतो यांचा जन्म १८८७ साली फुकुओका येथील अशाच एका वस्तीत झाला. बांधकामाच्या व्यवसायात त्यांनी जम बसवला आणि त्यातला पैसा चळवळीत ओतला. ३ मार्च १९२२ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी, क्योतो शहरात सुइहेइशा ही संघटना स्थापन झाली. पाण्याच्या पातळीसारखी समता, असा या नावाचा आशय. १९२५ साली मात्सुमोतो तिचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले.

त्यांनी थेट मुळावर घाव घातला. ज्या तोकुगावा घराण्याच्या राजवटीत ही उतरंड पक्की झाली, त्याचे वारस इएसातो तोकुगावा तेव्हा उमरावांच्या सभागृहाचे अध्यक्ष होते. त्यांनी आपला किताब सोडावा, ही सुइहेइशाची मागणी होती. या संघर्षात १९२४ साली मात्सुमोतो यांना अटक झाली. १९२६ साली फुकुओकाच्या लष्करी पलटणीतील भेदभावाविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा बराकी उडवण्याच्या कटाचा आरोप ठेवून त्यांना साडेतीन वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली.

१९३३ सालचा ताकामात्सुचा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. आपला जन्म लपवून एका तरुणीशी लग्न जुळवले, म्हणून या समाजातील दोन भावांना न्यायालयाने दोषी ठरवले. जात न सांगणे हाच गुन्हा! सुइहेइशाने देशभर रान उठवले. हा निकाल रद्द करा, नाहीतर १८७१ चा हुकूमच रद्द करा, असा सवाल तिने सरकारपुढे टाकला. कायद्यातील समता आणि न्यायाधीशाच्या मनातील जात यांच्यातली दरी याहून स्पष्ट कोणी दाखवली नसेल.

१९३६ साली मात्सुमोतो संसदेत निवडून आले. युद्धकाळात मात्र चळवळ राष्ट्रवादाच्या लाटेत ओढली गेली आणि १९४२ ची निवडणूक त्यांनी सरकारपुरस्कृत उमेदवार म्हणून लढवली. हेही सांगितले पाहिजे, कारण चळवळीला देव नकोत, माणसे हवीत.

१९४७ च्या संविधानाने उमरावशाही संपवली आणि सामाजिक दर्जा वा कुळ यावरून भेदभावाला बंदी घातली. उमरावांच्या सभागृहाच्या जागी नवे वरिष्ठ सभागृह आले आणि त्याचे पहिले उपाध्यक्ष झाले जिइचिरो मात्सुमोतो! ज्या घराण्याच्या राज्यात त्यांचे पूर्वज अस्पृश्य होते, त्याच्या वारसाने अध्यक्षपद भूषवलेल्या सभागृहाची जागा घेणाऱ्या सभागृहात ते मानाने बसले. १९४८ साली सम्राटापुढे खेकड्यासारखे तिरके चालत जाण्याचा रिवाज त्यांनी धुडकावला. १९४९ साली त्यांना सार्वजनिक पदांवरून दूर करण्यात आले. १९५१ साली बंदी उठली आणि १९५५ साली नव्या बुराकू मुक्ती संघाचे ते अध्यक्ष झाले. या भेदभावाचे निर्मूलन ही शासनाची जबाबदारी आहे, असे सरकारनियुक्त परिषदेने १९६५ साली मान्य केले. पुढच्याच वर्षी मात्सुमोतो यांचे निधन झाले.

१९६९ च्या विशेष कायद्याने वस्त्यांमध्ये घरे व रस्ते झाले. परंतु १९७५ साली उघड झाले की या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या, अर्जदाराची जात शोधण्यासाठी. २०१६ साली जपानला या भेदभावाविरुद्ध पुन्हा कायदा करावा लागला. २००१ च्या डर्बन परिषदेत जपानचे हे बांधव आपल्या कार्यकर्त्यांबरोबर जन्माधारित भेदभावाविरुद्ध उभे राहिले, ते या अनुभवातूनच.

यंत्रे आली म्हणून सरंजामशाही जात नाही, आणि कायदा झाला म्हणून ती आपोआप मरत नाही. १८७१ चा हुकूम एकावन्न वर्षे निर्जीव पडून होता. त्यात जीव ओतला तो सुइहेइशाने. आपल्या हाती बाबासाहेबांनी दिलेले संविधान आहे, अनुच्छेद १७ आहे, अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यांच्या मागे संघटनेचे बळ उभे केले नाही, तर तीही कलमे कागदावरच राहतील.